साडूची करवत

काम एवढंच होतं की सासूबाईंच्या लग्नाच्या फोटोला नवी चौकट करून द्यायची. लाकडाच्या चार पट्ट्या, चार कोपरे आणि एक काच. ख्रिस्तोफर भिंगारदिवे यांनी ते अंगावर घेतलं तेव्हा त्यापायी कॉलनीची विशेष सभा भरेल आणि घरातला चालता मिक्सर जळेल, असं कोणी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला जागच्या जागी रिजेक्ट केलं असतं. रिजेक्ट करणं हा त्यांचा पेशाच होता. रांजणगावच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं क्वालिटीला होते. तिथं त्यांच्या टेबलावर आलेला भाग केसभर जरी वाकडा असला तरी लाल चिकटपट्टी लावून परत जायचा.

आता असा माणूस स्वतः करवत हातात घेतो तेव्हा त्याची जी अवस्था होते, ती बघणाऱ्यालाच कळते. तीन रविवार ते शिरूरच्या आपल्या घरामागं देवदाराच्या पट्ट्या कापत बसले होते. चौकटीचा कोपरा म्हणजे दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशात कापून एकमेकींना भिडवायच्या. सांगायला सोपं आहे. पहिला कोपरा बसला. दुसरा जवळजवळ बसला. तिसरा बसवला. चौथा कोपरा मात्र काही केल्या मिटेना. तीन कोपऱ्यांनी थोडं थोडं करून जे लपवलं होतं ते सगळं चौथ्यानं बाहेर काढलं.

सासूबाईंचं, म्हणजे कृपाबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेलेली. त्यांनी चष्मा लावला, चौकट खिडकीशी धरली, आणि एका डोळ्यानं बघत म्हणाल्या, "छान झालीया जावईबापू. कोपऱ्यातनं उजेड पन येतोय."

ख्रिस्तोफर हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

चार दिवसांनी ती चौकट रिकामीच परत आली, आणि कळलं की फोटो दौंडला गेला. दौंडला म्हणजे अब्राहामकडं. अब्राहाम हा ख्रिस्तोफरांच्या बायकोच्या, नॅन्सीच्या थोरल्या बहिणीचा, सुषमाचा नवरा, म्हणजे त्यांचा साडू. रेल्वेतून निवृत्त झालेला, तब्येतीनं खणखणीत, आणि कुठलीही वस्तू बाजारात आली की दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेईल असा. साडू हे नातंच मुळात विचित्र आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्यावर रागावता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो. साडूशी मात्र आयुष्यभर हसून बोलावं लागतं, आणि दोघांची मापं काढणारी सासू एकच असते.

त्यात आणखी एक गोष्ट नॅन्सीच्या तोंडून निसटली. फोटोबरोबर कृपाबाईंनी अब्राहामला सासऱ्यांचं जुनं सागवानी टेबलही दिलं होतं. त्याच लाकडाची चौकट करायची म्हणून.

"टेबल?" ख्रिस्तोफर म्हणाले. "मला बाजारातला देवदार, आणि त्याला टेबल?"

"अहो, तुम्ही मागितलं नव्हतं."

"मागायचं असतं हे मला माहीतच नव्हतं!"

त्याच संध्याकाळी 'कृपा परिवार' या कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. डोळ्यांवर गॉगल, कानांवर काळे गोळे, अशा वैमानिकाच्या थाटात अब्राहाम एका यंत्राशेजारी उभा होता. यंत्र म्हणजे एका फिरत्या पाटावर बसवलेली चकतीची करवत. पाट हवा त्या कोनात फिरवायचा, दांडा खाली ओढायचा, की चकती दोन नळ्यांवरून मागंपुढं सरकत रुंद फळीसुद्धा कापून काढते. खाली लिहिलं होतं : 'नवीन स्लाइडिंग मायटर सॉ. याच महिन्यात लाँच. कोपरे कसे बसतात बघा!' पुढं एका आरशाच्या चौकटीच्या कोपऱ्याचा फोटो.

ख्रिस्तोफरांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. इतका मोठा केला की पडद्यावर नुसता तपकिरी रंग उरला. फट नव्हती. त्यांनी ग्रुपवर अंगठा पाठवला. अंगठा पाठवायला इतके कष्ट पडतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना ते सहज बाजारपेठेत शंभूशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. सहज म्हणजे दोन खिळे घ्यायला.

"शेठ, ती तेजधार कंपनीची नवी करवत आली म्हणतात."

"आली ना! एक नग दोन दिवसांत येतोय आपल्याकडं. या भागात अजून एकच गेलंय, दौंडला. कंपनीचा माणूस सांगत होता, रेल्वेतले कोणी मोठे साहेब आहेत."

साहेब! फिटर म्हणून लागलेला आणि फिटर म्हणूनच सुटलेला माणूस एका यंत्रापायी साहेब झाला. ख्रिस्तोफरांनी खिळे तिथंच ठेवले आणि माहितीपत्रक घेऊन घरी आले.

ते माहितीपत्रक पुढचे आठ दिवस त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलं, न्हाणीघरात गेलं आणि रविवारी गीतपुस्तकात बसून चर्चमध्येही गेलं. नेमका त्या रविवारी पास्टरसाहेबांनी विषय घेतला दहाव्या आज्ञेचा, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये हा. ख्रिस्तोफरांनी पत्रकावर तळवा ठेवला आणि मनातल्या मनात मुद्द्याचा क्वालिटीच्या नजरेनं विचार केला. आज्ञेत घर आहे, बायको आहे, चाकर, बैल, गाढव सगळं आहे. करवत नाही. शिवाय आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूंबद्दल आहे, आणि दौंड शिरूरपासून पन्नासेक किलोमीटर. पन्नास किलोमीटरवरचा माणूस शेजारी कसा होईल? एवढ्या विचारानं त्यांना बरंच हलकं वाटलं. "आमेन" मात्र इतरांपेक्षा थोडं उशिरा निघालं.

घेऊ की नको हे त्यांचं स्वतःचं अजून ठरत नव्हतं. नॅन्सीचं ठरलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. तिनं एकच प्रश्न विचारला, "वर्षाला किती चौकटी करता तुम्ही?"

"आजपर्यंत एक."

"तीही परत आली," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

कॉलनीत मात्र बातमी पसरली ती 'भिंगारदिवे सर मशीन घेतात' अशी. सगळ्यात आधी कुंपणापाशी आले शेजारचे बिरदेव आप्पा. कवठे येमाईला त्यांचा मळा होता. त्यांच्या आज्याचा जन्म मेंढरांमागं गेला, आप्पांनी मात्र शिरूरात स्लॅबचं घर बांधलं होतं.

"सर, करवत घेताय म्हनं?"

"विचार चाललाय, आप्पा."

"इचार कशापायी? घ्या की! आमच्या बांधावली बाभळ पडलीया वादळात. तेवढी येऊन कापून द्या."

"आप्पा, ती बाभळीसाठी नसते. बारीक कामाची आहे. फोटोच्या चौकटी वगैरे."

"म्हंजी येवढं मोटं मशीन आननार," ते सावकाश म्हणाले, "आन् त्येच्यावर फोटू कापनार?"

एवढ्यात गच्चीवरून त्यांची बायको अनसाबाई ओरडली, "सर, आधीच सांगती, कुरडया घातल्यात म्या वर! भुसा उडला तर मला सांगू नगा, व्हय!" आणि दुसऱ्या दिवशी तीच कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, "मशीन आल्याव माज्या देव्हाऱ्याला एक फळी बसवून द्या बरं का. पर सकाळच्या पारी कापा, कुरडया घालायच्या आदी."

अशा रीतीनं न घेतलेल्या करवतीवर आठवड्यात सात कामं येऊन पडली. आठवं काम घेऊन आले कॉलनीचे सेक्रेटरी माऊली. माऊली सरकारी कचेरीत बारनिशीला होते. आवक-जावक नोंदवण्यात हयात गेल्यामुळं त्यांना नोंद नसलेली कोणतीही गोष्ट खरी वाटत नसे.

"अर्ज करा," ते म्हणाले. "तीन प्रती."

"अहो, पण मी अजून घेतलीच नाही करवत."

"मग विषयात तसं लिहा. 'यंत्र घेण्याचा विचार करीत असल्याबाबत ना हरकत मिळणेविषयी.' सोबत यंत्राचा आवाज किती, त्याचा पुरावा जोडा."

"पत्रकात छापलाय आकडा."

"कंपनीचा आकडा कंपनीला. सभेला आपला आकडा लागतो."

रविवारी दुपारी चार वाजता कॉलनीच्या पत्र्याच्या शेडखाली विशेष सभा भरली. एरवी पाणीपट्टीच्या सभेला पाच माणसं येतात. या सभेला बावीस आली, शिवाय बायका. माऊलींनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं होतं. प्रश्न असा पडला की करवत तर शंभूशेठच्या दुकानात, मग मोजायचं काय? कोणीतरी म्हणालं, साधारण तसाच आवाज करणारं काहीतरी चालू करा. सगळ्यांनी ख्रिस्तोफरांकडं बघितलं. ख्रिस्तोफर घरी गेले आणि नॅन्सीचा मिक्सर उचलून घेऊन आले. नॅन्सी कृपाबाईंकडं गेली होती.

मिक्सर चालू झाला. माऊलींनी मोबाइल भांड्याशी धरला. "कमी आहे," ते म्हणाले. "पत्रकातल्या आकड्याला पोचत नाही."

"आत कायतरी टाका की," आप्पांनी सुचवलं. "रिकामं भांडं कसं ओरडंल?"

आत शेंगदाणे टाकले. आकडा थोडा चढला. मग सुकं खोबरं. मग कोणाच्या तरी सूचनेवरून हळकुंडं. हळकुंडांनी आकडा झकास चढला. माऊली आनंदानं ओरडले, "धरा, धरा, अजून दोन पाहिजेत!" आणि ख्रिस्तोफरांनी झाकण दाबून बटण तीनवर नेलं. मिक्सरनं एक दीर्घ किंकाळी फोडली, खालून निळसर धूर आला, आणि कॉलनीत एकदम शांतता पसरली.

माऊलींनी इतिवृत्तात लिहिलं : 'आवाज सभेस मान्य. मिक्सर बंद पडला. ना हरकत देण्यास हरकत नाही.'

नॅन्सी संध्याकाळी आली. तिनं काळा पडलेला मिक्सर पाहिला, पिवळं पडलेलं भांडं पाहिलं, नवऱ्याच्या हातातला शिक्का मारलेला कागद पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सुषमाताईच्या घरी दाजींनी करवत घेतली, तेव्हा मिक्सर नव्हता जळाला."

हे वाक्य ख्रिस्तोफरांच्या छातीत जाऊन बसलं. दोन दिवस त्यांनी कारखान्यात आलेला एकही भाग पास केला नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, पिशवीत आपला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ठेवली आणि मोटारसायकल काढून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. नॅन्सीला सांगितलं, दौंडला कामाचं लाकूड बघायला जातो. गुण्या कशाला घेतला हे त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. वरवंडला थांबून त्यांनी चहा घेतला, सुषमाताईसाठी पाव किलो पेढे घेतले, आणि हसायचा सराव केला.

"अरे! साडूभाऊ!" अब्राहामनं दारातच मिठी मारली. "मला वाटलंच होतं तुम्ही येणार. चला, शेड दाखवतो."

आधी चहा घ्या, पाणी घ्या असलं काही नाही. सरळ शेड. ती घरामागं पत्रे टाकून केलेली होती, आणि मधोमध टेबलावर ती करवत. फोटोत दिसली त्यापेक्षा ती दिसायला चांगली होती, हा पहिला घाव. अब्राहामनं एक फळकूट ठेवलं, कानांवर गोळे चढवले, दांडा ओढला. सर्रकन आवाज आला, आणि फळकुटाचे दोन तुकडे असे झाले की जणू ते जन्मापासून वेगळेच होते. तीन रविवार! तीन रविवार त्यांनी घाम गाळला होता, आणि या माणसाला नाक शिंकरायला लागतो तेवढा वेळ लागला.

"हात लावून बघा," अब्राहाम उदारपणे म्हणाला. "लोण्यासारखी सरकते."

भिंतीशी सासऱ्यांच्या टेबलाचं सागवान रंधा मारून, पट्ट्या करून ठेवलं होतं. मोजून चार पट्ट्या. त्या टेबलावर सासरे हिशेबाच्या वह्या तपासायचे, आणि ख्रिस्तोफर मुलगी बघायला आले तेव्हा घाबरून त्यांचा कप याच टेबलावर सांडला होता. ते लाकूड आता साडूच्या शेडमध्ये, साडूच्या करवतीची वाट बघत उभं होतं.

"आईंचा पंचाहत्तरावा येतोय रविवारी," अब्राहाम म्हणाला. "उद्या कापतो. लाकूड एवढंच आहे, चुकून चालायचं नाही. थांबा, फोटो दाखवतो, काच बसवून आणलीय नवी." आणि तो घरात गेला.

ख्रिस्तोफर एकटे राहिले. समोर ती आरशाची चौकट होती, ग्रुपवरची. ते जवळ गेले. कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग वाकून वास घेतला. गोंद! बारीक भुसा गोंदात कालवून फट भरली होती, वरून पॉलिश. चारही कोपऱ्यांना.

त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. त्यांनी आधी करवतीची वायर बोर्डातून उपसली, कारण आनंदातही ते क्वालिटीचेच होते. मग पिशवीतून गुण्या काढला, पाटावर उभा केला, पात्याला टेकवला आणि डोळा लावला. गुण्या आणि पात्याच्या मधून उजेडाची एक बारीक पाचर दिसत होती. पातं सरळ उभं नव्हतं. अर्धा अंश कललेलं होतं. बहुधा खोक्यातून काढताना आपटलं असणार. या पात्यानं कापलेल्या पट्ट्या मागून भिडणार आणि पुढून उघड्या राहणार, साहेबांनी कितीही वैमानिकाचे गॉगल लावले तरी.

घेऊ की नको याचं उत्तर आता मिळाल्यासारखं होतं. पेढे द्यायचे, चहा प्यायचा, निघायचं. उद्या अब्राहाम ते सागवान कापेल, रविवारी चौकट भिंतीवर लागेल, आणि सासूबाई चष्मा लावून खिडकीशी उभ्या राहतील. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

ते दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांची नजर त्या चार पट्ट्यांकडं गेली. पाचवी नव्हती.

"मूर्ख," ते पुटपुटले. कोणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टेबलावरचा पाना घेतला, पात्यामागचा स्क्रू पाव फेरा फिरवला, गुण्या लावला, पुन्हा किंचित फिरवला. उजेड मिटला. त्यांनी दाबून घट्ट केलं, वायर होती तशी लावली, गुण्या पिशवीत टाकला. हे चांगुलपणानं केलं असं त्यांना मुळीच वाटलं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं. अब्राहाम फोटो घेऊन आला तेव्हा ते घामाघूम होऊन आरशात स्वतःकडं बघत होते.

"कशी आहे करवत?"

"ठीक आहे," ख्रिस्तोफर म्हणाले.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे कृपाबाईंच्या घरी जमले. चौकट भिंतीवर होती. सागवानाची, तेलपाण्यानं उजळलेली, आणि चारही कोपरे असे की त्यात केस जाणार नाही. ख्रिस्तोफरांनी नख फिरवायची संधी साधली. नख कुठंच अडकलं नाही. गोंदाचा वास नव्हता. त्यांनी आयुष्यात पाहिलेली ती सर्वांत निर्दोष चौकट होती. तिच्याकडं बघताना त्यांना जेवढा मत्सर वाटला तेवढा त्या गोंदाच्या चौकटीचा फोटो बघतानाही वाटला नव्हता. माणसाला स्वतःच्याच कामाचा मत्सर वाटू शकतो, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर, हा त्यांना नवीनच शोध होता.

"अब्राहाम, हात हाय बाबा तुझा!" कृपाबाई म्हणाल्या. पास्टरसाहेबांनी तर अब्राहामचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, ही देवाची देणगी आहे, आणि लगेच त्या देणगीला चर्चच्या नोटीस बोर्डाचं काम सांगितलं. मग एका मावशीला भिंतीवरची मांडणी हवी होती. कोणाला चपलांचं स्टँड. कृपाबाईंनी तर पेटीतून अकरा फोटो काढून टीपॉयवर मांडले.

थोड्या वेळानं अब्राहाम ख्रिस्तोफरांना दंडाला धरून बाहेर ओट्यावर घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साडूभाऊ, दोन महिन्यांची कामं झाली हो."

"अभिनंदन."

"कसलं अभिनंदन! भुशानं रात्रंदिवस खोकतोय मी. सुषमा म्हणते, त्या शेडमध्येच जेवत जा." त्यानं मागं दाराकडं बघितलं. "आणि एक सांगू? पातं तुम्हीच सरळ केलंत ना? त्या स्क्रूवर कंपनीचा पिवळा ठिपका असतो. तुम्ही गेल्यावर बघितलं तर ठिपका फिरलेला. मला वाटायचं माझाच हात वाकडा आहे. रोज गोंद भरत होतो."

ख्रिस्तोफर त्याच्याकडं बघत राहिले. "मग आत सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. शपथ! तोंड उघडलं, तेवढ्यात पास्टरसाहेबांनी हात धरला, म्हणाले, देवाची देणगी. आता तिथं कसं म्हणू, की देवाची नाही, साडूची आहे?"

ख्रिस्तोफरांना हसू आलं, आणि महिनाभरात पहिल्यांदा ते सराव न करता आलं. दोघं ओट्यावर बसून बराच वेळ हसले.

"तुम्ही घ्या ना करवत," अब्राहाम काकुळतीला आला. "निम्मी कामं तुमच्याकडं देतो."

"छे हो. मला कशाला?" ख्रिस्तोफर म्हणाले, आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं. घेऊ की नको हा प्रश्नच संपला होता. आप्पांची बाभळ, अनसाबाईची फळी, माऊलींचा शिक्का, सगळं एकदम अंगावरून उतरलं. ते मोकळ्या माणसासारखे उठून आत गेले.

अब्राहाम मात्र हार मानणारा नव्हता. आत येताच तो मोठ्यानं म्हणाला, "आई, या अकरातल्या निम्म्या चौकटी साडूभाऊ करतील बरं का!"

कृपाबाईंनी केकचा तुकडा बशीत ठेवला.

"नगं बाई," त्या मायेनं म्हणाल्या. "ख्रिस्तोफररावांना नगं तरास. त्यांची नजर चांगली हाय, दुसऱ्याची खोट काढायला. पन हातात काय न्हाई त्यांच्या."

खोलीत कोणीतरी फसकन हसलं. अब्राहामनं तोंड उघडलं. ख्रिस्तोफर त्याच्याकडं बघत होते. अब्राहामनं उघडलेल्या तोंडात केक घातला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"मी करवत घेतोय," ख्रिस्तोफर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा फार मोठा निघाला. "उद्याच घेतोय. आणि त्या अकराच्या अकरा चौकटी मी करणार."

घरी परत जाताना गल्लीत त्यांना भान आलं. शेजारी नॅन्सी चालत होती, तोंड मिटून. तिचा मिक्सर अजून दुरुस्तीला पडला होता. वर्षाला चौकटी किती, हा प्रश्न आता पुन्हा येणार, हे त्यांना कळत होतं. तो यायच्या आधीच काहीतरी बोलायचं म्हणून ते चाचरत म्हणाले, "म्हणजे, नुसती चौकशी करायला जाईन म्हणतो. शंभूशेठचं दुकान उद्या किती वाजता उघडतं कोणास ठाऊक."

"दहाला," नॅन्सी म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मघाशी फोन केला मी त्यांना, तुम्ही ओट्यावर होता तेव्हा. स्वयंपाकघरात सुषमाताई मला म्हणाली, नॅन्सी, तुला कधी काही कापून हवं असेल तर सांग हं, आमच्याकडं आहे." मग नॅन्सी पदर खोचत म्हणाली, "त्यांची दहा इंची आहे. मी बारा इंची बाजूला ठेवायला सांगितलीय."